चेहऱ्यातली सुई



आम्ही डॉक्टर नव्हे. कामगारांत वावरून आणि वाचून चार गोष्टी शिकलेली माणसे. तरीही हा विषय घेतला, कारण दुकानात उभ्या राहणाऱ्या मुलीचा चेहरा हा आज तिच्या पोटाचाही प्रश्न झाला आहे.

इंग्रजी फौजेतला बैल हाकणारा कावसजी १७९२ च्या लढाईत टिपूच्या कैदेत सापडला आणि नाक गमावून बसला. पुण्याजवळच्या एका वीटकाम करणाऱ्या कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी उतरवून नवे नाक घडवले. १७९४ साली ही हकीकत लंडनच्या मासिकात छापली गेली. कातडीचा दांडा भुवयांमध्ये जोडलेला ठेवला, म्हणून रक्त वाहत राहिले आणि कातडी जगली. सारे मर्म येथेच आहे.

ओठ, गाल भरण्यासाठी आज ‘फिलर’ टोचतात. बहुधा ते हायलुरोनिक आम्लाचे असते. थोडी सूज, काळेनिळे डाग बहुधा एक-दोन आठवड्यांत ओसरतात. पण फिलर रक्तवाहिनीत शिरले, तर मंडईच्या बोळात हातगाडी आडवी व्हावी तसे होते. पुढच्या गाळ्यांना माल पोहोचत नाही. कातडी पांढरीफटक पडते, मग जाळीसारखी निळसर होते. दुखणे बहुधा वाढत जाते, पण कधी दुखतही नाही. बोटाने दाबून सोडले तर रंग सावकाश परततो. अशा वेळी ‘उद्या पाहू’ म्हणू नये, बर्फ लावू नये. टोचणे थांबवून डॉक्टरने तात्काळ हायलुरोनिडेज द्यावे. त्याने हे फिलर विरघळते. गरज पडल्यास ते पुन्हा पुन्हा द्यावे लागते. इतर जातींच्या फिलरवर हा उतारा चालत नाही. डोळ्यापुढे अंधारी आली, तर क्षणही न दवडता नेत्रविभाग असलेले मोठे रुग्णालय गाठावे. आणि आठवड्यांनी वा महिन्यांनी लाल, गरम गाठ आली तर ती चोळू नये, डॉक्टरला दाखवावी.

मंडईत आपण वांगेसुद्धा उलटून पाहून घेतो. मग सुईपुढे चेहरा धरण्याआधी तीन प्रश्न विचारायला संकोच कशाला? टोचणारा नोंदणीकृत डॉक्टर आहे काय? कुपीत नेमके काय आहे? उतारा याच खोलीत आहे काय?

आणि पार्लरमधल्या आमच्या भगिनींना सांगणे इतकेच : मालकाने सुई हातात दिली तर ती खाली ठेवा. नफा त्याचा आणि गुन्हा तुमचा, असा हा सौदा आहे. तो नाकारणारी एकटी पडू नये, हे पाहणे संघटनेचे काम आहे.