डोक्याच्या कातडीवरील वळ्या
(वार्षिक सभेत त्वचारोग विभागातर्फे झालेले भाषण)



आजचा विकार दुर्मिळ आहे. पुरुषांत अंदाजे लाखात एक आणि स्त्रियांत त्याहून कितीतरी कमी. तरीही तो निवडला, कारण तो बहुधा प्रथम डॉक्टरांना नव्हे, तर केस कापणाऱ्या कारागिराला दिसतो.

टाळूवरील कातडी जाड होते आणि तिच्यावर मेंदूच्या पृष्ठभागासारख्या वळ्या व खाचा उमटतात. बोटांनी ताणल्या अथवा दाबल्या तरी त्या सपाट होत नाहीत. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ उन्ना यांनी १९०७ साली याला ‘क्यूटिस व्हर्टिसिस जायरेटा’ हे नाव दिले. पाहणाऱ्याला वाटते, मेंदूच वर आला! कवटी आणि मेंदू आपापल्या जागी असतात; बदल केवळ त्वचेत असतो, हे नातेवाइकांना आधी सांगावे.

तरुण पुरुषात पौगंडावस्थेनंतर उद्भवलेला हा विकार पुष्कळदा निरुपद्रवी असतो. काहींत मात्र त्यासोबत मतिमंदत्व, अपस्मार किंवा डोळ्यांचे दोष आढळतात. जन्मापासून एकाच भागात वळ्या असल्यास तो मोठा तीळही असू शकतो. त्यावर नियमित लक्ष हवे, कारण क्वचित त्यात कर्करोग उद्भवतो.

माझा आग्रह आहे तो पुढच्या प्रश्नांसाठी. चपलेचे माप वाढले का? अंगठी घट्ट झाली का? जबडा पुढे आला का? उत्तर होकारार्थी असेल, तर पीयूषिका ग्रंथीतील गाठीमुळे वाढीचे संप्रेरक अधिक स्रवत असण्याचा, म्हणजे ॲक्रोमेगालीचा संशय घ्यावा. रुग्णाची जुनी छायाचित्रे येथे फार उपयोगी पडतात. रक्तातील आयजीएफ-१ची तपासणी आणि गरजेनुसार ग्रंथीचे एमआरआय करावे. उपचारांविना राहिलेला हा आजार मधुमेह, उच्च रक्तदाब आणि हृदयविकाराकडे नेतो. बोटांची टोके गदेसारखी फुगलेली आणि सांधे दुखरे असतील, तर पॅकिडर्मोपेरिऑस्टोसिस हा आनुवंशिक विकार आठवावा.

कारण नसलेल्या वळ्यांना औषध नाही. खाचांत घाम, तेल व मळ साचून दुर्गंधी आणि जंतुसंसर्ग होतो, म्हणून खाचा धुऊन नीट कोरड्या कराव्यात. शस्त्रक्रियेने वळ्या काढता येतात; मोठ्या भागासाठी शेजारची कातडी फुग्याने हळूहळू ताणून घ्यावी लागते. माझ्या मते तिची घाई नको, पण टोपीखाली डोके लपवून घरात बसलेल्या तरुणाला ‘हे केवळ सौंदर्याचे’ म्हणून परतही पाठवू नये.