वगळलेला एक तालुका

१९५६ च्या राज्यपुनर्रचना कायद्याने बेळगाव जिल्हा ‘चंदगड तालुका वगळून’ म्हैसूर राज्यास दिला. तीन शब्दांनी चंदगड मुंबई राज्यात राहिला. निपाणी, खानापूर गेले. त्याच विधेयकाच्या वादात अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी लोकसभेत राजीनाम्याची कारणे निर्भीडपणे मांडली खरी. पण त्यांचा मुख्य रोख मुंबईवर होता, सीमाभागावर नव्हे.

पुढे १९६७ साली महाजन आयोगाने बेळगाव म्हैसुरातच ठेवून निपाणी, खानापूर महाराष्ट्रास देण्याची शिफारस केली. म्हैसूरने अहवाल स्वीकारला, महाराष्ट्राने नाकारला. परंतु संविधानाच्या तिसऱ्या अनुच्छेदानुसार सीमा बदलते ती संसदेच्या कायद्याने. केंद्राने तसे विधेयक आणलेच नाही; मग सत्ताधाऱ्यांनी आणि विरोधकांनी मत द्यावे तरी कशावर? अखेर २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला.