निकाल कोणाच्या फोनवर?



रक्त तपासावयास दिल्यावर निकाल हाती येईपर्यंतचे दिवस कसे जातात, हे आम्ही तुम्हांस सांगावयास नको. आता तो निकाल मोबाइलवर येऊ लागला. सोय मोठी, यात वाद नाही. परंतु तो कोणाच्या फोनवर यावा आणि कोणत्या शब्दांत यावा, याचा विचार कोणी केला? तो केला आफ्रिकेतल्या झांबियाने!

तेथे एचआयव्हीबाधित मातांच्या तान्ह्या मुलांचे रक्त कागदावर वाळवून दूरच्या प्रयोगशाळेत पाठवितात. निकाल खेड्यातील केंद्रात परत पोचण्यास सरासरी 44 दिवस लागत. आणि उपचार न मिळाल्यास अशा बाधित बालकांपैकी सुमारे एक तृतीयांश पहिला वाढदिवसही पाहत नाहीत! 2010 च्या सुमारास ‘म्वाना’ योजनेतून निकाल मोबाइल-संदेशाने धाडण्यास प्रारंभ झाला. पहिल्या दहा केंद्रांत 44 चे 27 दिवस झाले.

खरे शहाणपण पुढेच आहे. निकाल जाई तो केंद्रातील कर्मचाऱ्याच्या फोनवर, आणि गुप्त अंक दिल्यावाचून तो उघडत नसे. मातेला गावच्या स्वयंसेवकाकरवी निरोप एवढाच, की केंद्रावर या.

आमच्याकडे? घरात फोन एक, तोही थोरल्या चिरंजीवांच्या खिशात. आईच्या तपासणीचा निकाल आईच्या आधी ते वाचणार, सूनबाई वाचणार, प्रसंगी शेजारीही. आणि वाचणार तरी काय? इंग्रजी! ‘निगेटिव्ह’ म्हणजे काहीतरी अशुभ, असे समजणारा माणूस शोधावयास आमच्या गल्लीबाहेर जावे लागत नाही. बाधिताच्या संमतीवाचून त्याची स्थिती उघड करण्यास 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई केली आहे. पण घरातल्या सामाईक फोनला कायदा कोण वाचून दाखविणार?

म्हणून आमचे मागणे असे. रक्त घेतानाच रुग्णास विचारा, निकाल कोणत्या क्रमांकावर हवा आणि मराठीत की कानडीत. साखर, हिमोग्लोबिन यांचे आकडे खुशाल धाडा. सोबत योग्य प्रमाण किती, तेही लिहा. परंतु क्षय, कर्करोग, एचआयव्ही यांचा निकाल डॉक्टरांनी समोर बसवून सांगावा. फोनवर केवळ ‘भेटीस या’ एवढेच. आणि हा निरोप निकाल चांगला असो वा वाईट, सर्वांनाच जावा. नाहीतर ‘भेटीस या’ हे दोन शब्दच घरात रडारड माजवावयास पुरतील!