एक गरी, एक मासा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात १९८५ च्या दहावीच्या तुकडीतर्फे केलेले भाषण)

आदरणीय गुरुजनवर्ग, मुख्याध्यापिका बाई, आणि माझ्या बाकावरच्या, पुढच्या बाकावरच्या आणि कायम बाकावर उभ्या असलेल्या माझ्या सर्व सोबत्यांनो,

संयोजकांनी मला सांगितलं, "तुम्ही पाच जण लक्षद्वीपला मासे गरवायला गेला होतात, त्याबद्दल पंधरा मिनिटं बोल. हलकंफुलकं बोल." हलकंफुलकं बोलायला माझी हरकत नाही. पण या सहलीतून आम्ही एक काम घेऊन आलो आहोत आणि त्यात तुम्हा सगळ्यांची गरज आहे. ते शेवटी सांगतो.

आम्ही पाच जण म्हणजे एक डॉक्टर, एक कंत्राटदार, एक मास्तर, बँकेतला मी आणि आमचा तांडेल. नावं घेत नाही, चौघेही समोरच बसलेत आणि नाव घेतलं तर मधेच उठून दुरुस्त्या सुचवतील. तांडेलाला आम्ही पाचवीपासून तांडेलच म्हणतो, कारण त्याचे वडील दांडीच्या किनाऱ्यावर रापणीचे तांडेल होते. तो स्वतः तीस वर्षं समुद्रावर गेला. सहा वर्षांपूर्वी त्यानं होडी विकली. मुलगा गोव्यात हॉटेलात नोकरीला आहे. होडी विकल्यापासून तांडेल किनाऱ्यावर फिरायलासुद्धा जात नव्हता, बाजारात जायचं तरी आतल्या रस्त्यानं जायचा. म्हणूनच डॉक्टरनं ही सहल काढली. तांडेलानं दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणाला, "माका समुद्र दाखवूक नेतास काय रे?" पण आला.

फेब्रुवारीत निघालो. कुडाळहून रेल्वेनं एर्नाकुलम आणि कोचीहून छोट्या विमानानं अगत्ती. लक्षद्वीपला जायला आपल्यालाही प्रशासनाचा परवाना लागतो. तो मिळवायचं काम मास्तरनं केलं, कारण अर्ज न खोडता भरणारा आमच्यात तो एकटाच. अगत्ती कोचीपासून समुद्रात सुमारे साडेचारशे किलोमीटर. विमानाच्या खिडकीतून बेट दिसलं तेव्हा कंत्राटदार म्हणाला, "अरे, हा तर नुसता रस्ता आहे!" खरंच तसंच आहे. सात-आठ किलोमीटर लांब आणि रुंदीला बहुतेक ठिकाणी एक किलोमीटरही नाही. एका टोकाला धावपट्टी. या बाजूच्या समुद्राचा आवाज त्या बाजूला ऐकू येतो. लक्षद्वीपची सगळी बेटं मिळून जमीन फक्त ३२ चौरस किलोमीटर. पण प्रवाळाच्या कड्यांनी अडवलेलं उथळ, शांत पाणी, ज्याला लगून म्हणतात, ते आहे सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर. वस्ती दहाच बेटांवर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६४ हजारांच्या आसपास. अगत्तीला दारूबंदी आहे, हे एका सदस्याला तिथं पोचल्यावर कळलं. त्याचं नाव तर मी मुळीच घेणार नाही.

आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकानं ओळखीच्या एका होडीवाल्याशी बोलणं केलं. चौथ्या दिवशी पहाटे होडीवर चढलो. कुप्याच्या मासेमारीची होडी. कुपा म्हणजे ज्याला आता सगळे ट्यूना म्हणतात. तिथं प्रामुख्यानं त्याची एक लहान जात मिळते, दोन-तीन किलोची, पोटावर काळे पट्टे असलेली.

आता ही मासेमारी कशी चालते ते नीट सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

होडी आधी समुद्रात जातच नाही. पहिले दोन तास लगूनमध्ये बोटभर लांबीचे चंदेरी मासे पकडण्यात जातात. हे आमिष. ते मेलेलं चालत नाही, जिवंतच लागतं. म्हणून होडीच्या पोटात एक हौद असतो आणि त्याच्या तळाला भोकं असतात. त्यातून समुद्राचं पाणी आत-बाहेर खेळत राहतं. आम्हाला वाटलं, होडीला भोकं पाडून हे लोक निघालेत कुठे! बँकवाल्याला, म्हणजे मला, तिथूनच पोटात कसंतरी व्हायला लागलं. प्रवाळाच्या कड्याबाहेर पडल्यावर जे झालं ते डॉक्टरनं मोबाइलवर टिपलेलं आहे आणि जेवणानंतर तो ते दाखवणार आहे अशी धमकी आहे.

बाहेर गेल्यावर सगळे आकाशाकडे बघतात. पक्षी जिथं घिरट्या घालून पाण्यावर झेपावतात, तिथं खाली कुप्याचा थवा असतो. होडी तिथं नेतात. एक जण हौदातले जिवंत मासे मूठमूठ पाण्यात फेकतो. त्याच वेळी होडीवरून पाण्याचे फवारे सोडतात. समुद्राच्या पाठीवर थेंब पडले की खालून कुप्याला वाटतं, लहान माशांची झुंडच उसळते आहे. आणि त्या थेंबांमुळे वरची माणसंही त्याला दिसत नाहीत. मग कुपा वेडा होतो. दिसेल त्या चकाकत्या वस्तूवर तुटून पडतो. होडीच्या मागच्या बाजूला सात-आठ जण काठ्या घेऊन उभे. काठीला दोर, दोराला एक गळ. त्या गळाला आमिष लावत नाहीत आणि आपल्या गळाला असतो तसा उलटा काटाही त्याला नसतो. मासा लागला की काठीचा एक हिसका. मासा डोक्यावरून मागे येतो, हवेतच गळातून सुटतो आणि होडीत पडतो. काठी परत पाण्यात. हात लावायचा नाही, सोडवत बसायचं नाही. दहा-पंधरा मिनिटं नुसता माशांचा पाऊस!

मूळची ही कला मिनिकॉय बेटाची. १९६० च्या दशकापासून यांत्रिक होड्या आल्या, तशी ती बाकीच्या बेटांवर पसरली. जाळं नाही. एका काठीला एक गरी आणि एका वेळी एक मासा. नको असलेला मासा, कासव, डॉल्फिन यात सापडत नाही.

त्यांनी आमच्याही हातात काठ्या दिल्या. डॉक्टरचा मासा समुद्रात परत गेला. कंत्राटदाराचा मासा मास्तरच्या पाठीत बसला. तांडेल काठी घेईना. बाजूला उभा राहून बघत होता. होडीच्या कप्तानानं त्याच्या हाताकडे पाहिलं. आपल्या हातांना पडतात तसे ते घट्टे नव्हेत, दोराचे घट्टे. तो काही बोलला नाही, स्वतःची काठी त्याच्या हातात दिली. पहिले तीन मासे सुटले. चौथा होडीत आला. मग एकामागून एक. मी आडवा पडून बघत होतो. सहा वर्षांत पहिल्यांदा त्याला ओरडताना ऐकलं.

थवा अजून वर होता, पण कप्तानानं हात वर करून काम थांबवलं. तांडेल चक्रावला. "थांबले? अजून मासो आसा मा!" कप्तानाला मोडकं हिंदी येत होतं, तांडेलाचंही तसंच; म्हणून दोघांचं छान जमलं. कप्तानानं सांगितलं, आमिष संपत आलंय. आणि दुसरं, जेवढा मासा संध्याकाळपर्यंत घरी उकडून धुरावर चढेल, तेवढाच न्यायचा. वरचा नेला तर कुजेल.

मित्रांनो, यात पुण्याची गोष्ट नव्हती, हिशेबाची होती. पण तो हिशेब चोख होता. संध्याकाळी आम्ही त्यांच्या अंगणात गेलो. माशाच्या उभ्या फाका करतात, उकडतात, धुरावर धरतात आणि उन्हात वाळवतात. ती होते लाकडासारखी कडक. तिला तिथं 'मास' म्हणतात. महिनोन्‌महिने टिकते. मिनिकॉयचं मास एके काळी थेट सिलोनपर्यंत विकलं जायचं. अंगणात बायका फाका रचत होत्या आणि बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा आजोबांबरोबर गळ घासत बसला होता. मासळीचे वाटे पडले, होडीचा वेगळा, माणसांचा वेगळा. तांडेल म्हणाला, "रापणीसारख्याच रे."

रापण इथल्या बहुतेकांनी पाहिली आहे. होडीतून अर्धवर्तुळात जाळं सोडायचं आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसांनी ओढायची. जो दोर ओढेल त्याला वाटा. तेही मोजकंच, किनाऱ्याजवळ येईल तेवढंच. मग आपल्या समुद्रात पर्ससीन आली, एलईडीचे दिवे आले. २०१६ मध्ये राज्य सरकारनं पर्ससीनवर निर्बंध घातले. २०१७ मध्ये केंद्रानं एलईडीच्या मासेमारीवर बंदी आणली. कागद आहेत. पण दिवे किनाऱ्यावरून अजून दिसतात, हे दांडीवरचं लहान मूलही सांगेल. तांडेलाची होडी या सगळ्यात गेली.

लक्षद्वीपमध्ये सगळं गोडगोड आहे असंही नाही. ते आमिषाचे बोटभर मासे प्रवाळाच्या आधारानं वाढतात आणि समुद्र तापला की प्रवाळ पांढरं पडून मरतं. १९९८, २०१० आणि २०१६ ला तिथं मोठा फटका बसला. कप्तान म्हणाला, पूर्वी आमिष तासाभरात मिळायचं. त्याच्यापुढेही प्रश्न आहेत. फरक एवढाच की त्याच्या अंगणात तो मुलगा बसलेला होता.

रात्री जेवणानंतर आम्ही धक्क्यावर बसलो होतो. बराच वेळ गप्प राहून तांडेल म्हणाला, "हेंच्या पोरांका ह्यां येता, म्हणान धंदो जिवंत आसा. आमच्याकडे शिकवतलो कोण, नि शिकतलो कोण?"

आता मी जे बोलणार आहे ते आपल्या गुरुजनांसमोर आदरानं बोलतो. आपल्या लहानपणी गावात एक वाक्य सगळ्यांच्या तोंडी होतं. तांडेलाला ते त्याच्या स्वतःच्या आईनंच रोज ऐकवलं, "शिकलंस नाय तर बापाशीसारखो दोर ओढीत रवतलंस." त्या माउलीचं चुकलं असं मी म्हणत नाही, कष्ट तिनं पाहिले होते. पण त्या वाक्यात दोर ओढणं आणि शिकणं या दोन विरुद्ध गोष्टी झाल्या. आपल्या तांडेलाचं गणित कच्चं, हे साऱ्या वर्गाला माहीत होतं. तोच तांडेल आठवीत असताना मला भरतीची वेळ सांगायचा. तिथीला पाऊणनं गुणायचं. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे पूर्ण भरती सहाच्या सुमारास. चतुर्थीला तीन. हे अपूर्णांकाचं गणित तो घड्याळाशिवाय, वहीशिवाय करायचा. पेपरात ते कधी आलं नाही, म्हणून त्याला कधी मार्क मिळाले नाहीत.

तर आता आमचं काम. परत आल्यावर आम्ही पाच जण मुख्याध्यापिका बाईंना भेटलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि एका अटीवर होकार दिला. अट अशी की हे एक दिवसाचं कौतुक होता कामा नये. येत्या डिसेंबरपासून नववीच्या मुलामुलींसाठी महिन्यातून एका शनिवारी तास होईल. वाऱ्यांची नावं, तिथी आणि भरती, जाळं विणणं, फाटलेलं जाळं शिवणं, कुठला मासा कुठल्या महिन्यात गाभोळीवर असतो आणि तेव्हा त्याला का सोडायचं, पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी का बंद ठेवतात. आणि जानेवारीत एकदा पहाटे प्रत्यक्ष रापण. शिकवणार आहे आपला तांडेल. त्याला मी विचारलं, मानधन किती ठेवू? तर म्हणाला, "हजेरीपटार माझा नाव चढव. मास्तर म्हणान."

या तासांनी समुद्रात मासळी परत येईल असं मी म्हणत नाही. त्यासाठी कायदा पाळणारं सरकार लागेल आणि ते मागणारी माणसं लागतील. पण आपल्या समुद्रात काय होतं आणि काय गेलं, हे ज्यांना माहीतच नाही, ती माणसं काय मागणार? एवढ्यासाठी हे तास.

तुमच्याकडून पैसे नको आहेत. कंत्राटदारानं सूत आणि दोर देऊन टाकलेत, मास्तर वेळापत्रक सांभाळतोय. जानेवारीतल्या रापणीची तारीख तिथी बघून तांडेल ठरवेल आणि मी सर्वांना कळवीन. मुंबई-पुण्याच्या मंडळींनी तिकिटं काढून ठेवा. नववीच्या पोरांच्या अंगात तेवढा जोर नाही आणि रापणीच्या दोन टोकांना माणसं भरपूर लागतात. वाटा प्रत्येकाला मिळेल. पण सकाळी साडेपाचला पाण्याच्या काठावर यायचं. उशिरा येणाऱ्याला नवे मास्तर बाकावर उभं करतील, आणि किनाऱ्यावर बाक नाही.