डोंगरातील लहान महाविद्यालय : लाभ आणि हानी

बारावीचा निकाल लागला की बोथच्या परिसरातील अनेक घरांत एकच प्रश्न उभा राहतो : मुलाला किंवा मुलीला पुढे शिकवायचे ते कोठे? एका बाजूस हैदराबाद, वरंगळ, नांदेड, नागपूर ही मोठी शहरे आणि त्यांतील नावाजलेली महाविद्यालये. दुसऱ्या बाजूस डोंगरापलीकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावातील मोजक्या वर्गखोल्यांचे महाविद्यालय. वडील खर्चाचा हिशेब मांडतात. ‘पोरीला तिकडे ठेवायचं ते कुणाच्या भरवशावर?’ असे आई विचारते. आणि शेजारचा एखादा अनुभवी गृहस्थ बजावतो की लहान ठिकाणी शिकलेल्याला पुढे कोणी विचारीत नाही. हे मत जितके प्रचलित आहे तितके ते तपासलेले नाही. म्हणून डोंगरातील लहान महाविद्यालयाचे लाभ कोणते आणि हानी कोणती, याचा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे.

हा विचार बोथच्या भूमीवर उभे राहून केला तर अधिक उलगडतो. निर्मलचा घाट चढून उत्तरेस आले म्हणजे आदिलाबादचा डोंगराळ मुलूख सुरू होतो. कडेम नदी येथूनच वाहते. तिच्यावरचा पोचेराचा धबधबा बोथजवळ, तर सुमारे ४५ मीटर उंचीचा कुंतलाचा धबधबा त्याहून थोडा पुढे आहे. कापूस, ज्वारी आणि तूर ही येथली पिके. मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी, बंजारा आणि उर्दू या साऱ्या भाषा येथल्या आठवडी बाजारात कानावर पडतात. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे तालुके तत्कालीन मुंबई राज्यात गेले. बोथ तालुक्याचे मात्र दोन तुकडे झाले. त्याचे इस्लापूर मंडळ मुंबई राज्यात गेले आणि उरलेला तालुका आंध्र प्रदेशात राहिला. २०१४ पासून तो तेलंगणात आहे. सोयरेधायरे दोन्हीकडे आहेत, परंतु विद्यापीठे दोन झाली. आदिलाबादकडील महाविद्यालये वरंगळच्या काकतीय विद्यापीठाशी जोडलेली आहेत, तर किनवट आणि माहूरची नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी. म्हणून बोथच्या मराठी मुलाने महाविद्यालय निवडणे म्हणजे नुसती इमारत निवडणे नव्हे. त्यात भाषेची आणि राज्याचीही निवड आलीच.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की दोन-तीन पिढ्यांपूर्वी या भागात निवडीचा प्रश्नच नव्हता. निजामाच्या राजवटीत १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले, आणि त्याचे माध्यम उर्दू होते. बोथच्या मराठी मुलाला उच्च शिक्षण हवे असेल तर घर सोडावे लागे, आणि घराबरोबर भाषाही सोडावी लागे. नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले ते १९५० साली. मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले ते १९५८ साली. आज किनवटचे बळीराम पाटील महाविद्यालय किंवा माहूरचे रेणुकादेवी महाविद्यालय पाहून ज्यांना ती शहरी महाविद्यालयांची फिकी नक्कल वाटते, त्यांनी हा काळ आठवावा. जेथे काहीच नव्हते तेथे ती उभी राहिली आहेत.

लहान आणि दूरस्थ संस्था काय करू शकते याचे एक बोलके उदाहरण याच डोंगरांत घडले आहे. १९४० साली जोडेघाट येथे कोमरम भीम आणि त्यांचे सहकारी निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. गोंडांच्या असंतोषाची कारणे शोधण्यासाठी सरकारने ज्या अभ्यासकाची मदत घेतली, ते म्हणजे व्हिएन्नाचे मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ. पत्नी बेट्टी यांच्यासह ते मारलवाई या गोंड खेड्यात येऊन राहिले. जमिनीचे हक्क आणि शिक्षण यांवाचून या समाजाचा निभाव लागणार नाही, असे त्यांचे मत झाले. १९४३ साली मारलवाईला गोंड शिक्षक तयार करणारे केंद्र सुरू झाले. शहरातील शिक्षक डोंगरात टिकणार नाहीत, तेव्हा डोंगरातीलच तरुणांना शिकवून शिक्षक करावे, हा त्यामागचा साधा विचार होता. मुलांना आरंभीचे धडे गोंडी भाषेत दिले गेले आणि त्यांची पुस्तके देवनागरी लिपीत छापली गेली. कारण मराठीच्या सहवासामुळे या भागातील गोंडांना तीच लिपी जवळची होती.

या कामी मराठी माणसाचाही हात लागला. हैदराबादच्या मुलकी सेवेतील सेतुमाधवराव पगडी यांनी या जिल्ह्यात काम करताना गोंडी भाषा आत्मसात केली आणि पुढे तिचे व्याकरण लिहिले. इतिहासकार म्हणून महाराष्ट्राला परिचित असलेल्या या पंडिताने गोंडी शिकण्यात कमीपणा मानला नाही, ही गोष्ट आजच्या शिक्षकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

मारलवाईच्या केंद्रात भव्य इमारत नव्हती, प्रयोगशाळा नव्हती. तरी तेथून शिकून गेलेल्या तरुणांनी डोंगरातील गावांत शाळा चालविल्या, आणि काही तरुण पटवारी व वनरक्षक म्हणून सरकारी कामात शिरले. परंतु उदाहरणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. राज्य बदलले, धोरण बदलले, गोंडी पुस्तके मागे पडली आणि त्यांच्या जागी तेलुगू आली. संस्था लहान असते तेव्हा ती एखाद्या व्यक्तीच्या आस्थेवर आणि सरकारच्या एखाद्या निर्णयावर उभी असते. दोहोंपैकी एक ढळले की तिचे काम खंडित होते. हायमेनडॉर्फ पती-पत्नींच्या समाध्या आज मारलवाईला आहेत आणि गावकरी त्यांची आठवण जपतात. पण समाधी जपली म्हणजे शाळा जपली गेली असे नव्हे.

आता लाभांचा विचार करू. लहान महाविद्यालयाचा पहिला लाभ हा की तेथे विद्यार्थी अनोळखी राहत नाही. वर्गात तीस मुले असली की प्राध्यापकाला प्रत्येकाचे नाव ठाऊक असते, गाव ठाऊक असते, आणि कापसाच्या वेचणीत कोण गैरहजर राहणार हेही ठाऊक असते. ज्याच्या घरात त्याच्या आधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, त्याच्या दृष्टीने ही ओळख फार मोलाची आहे. शहरातील भरगच्च वर्गात असा मुलगा मागच्या बाकावर बसतो, शंका विचारीत नाही, आणि पहिल्या परीक्षेत घसरला की निमूटपणे घरी परततो. त्याला कोणी काढलेले नसते, पण कोणी थांबविलेलेही नसते.

दुसरा लाभ खर्चाचा. शहरात शिक्षणशुल्काहून खोलीचे भाडे, खानावळ आणि प्रवास यांचाच भार अधिक पडतो. दोन-चार एकर कोरडवाहू शेतीवरच्या कुटुंबाला एकाच मुलाच्या शहरवासासाठी कर्ज काढावे लागते, आणि मग धाकट्या भावंडांच्या शिक्षणाला कात्री लागते.

तिसरा लाभ मुलींचा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा मानावा लागेल. मुलाच्या बाबतीत निवड असते ती जवळचे महाविद्यालय की दूरचे, अशी. मुलीच्या बाबतीत ती पुष्कळदा जवळचे महाविद्यालय की लग्न, अशी असते. जवळच्या महाविद्यालयाला नावे ठेवून ते बंद पाडले, तर मुलगा कदाचित नांदेडला जाईल; मुलगी मात्र घरीच राहील. लहान महाविद्यालयाच्या गुणदोषांची चर्चा करणाऱ्या पुष्कळांना ही गोष्ट दिसत नाही. कारण चर्चा करणारे बहुधा आपल्या मुलाचा विचार करीत असतात.

चौथा लाभ परिसराचा. ज्या मुलुखात गुंजाळा गावी गोंडीची स्वतंत्र लिपी असलेली जुनी हस्तलिखिते सापडली आणि ती लिपी २०१८ साली युनिकोड या जागतिक संगणकीय प्रमाणात समाविष्ट झाली, त्या मुलुखातील भाषेच्या विद्यार्थ्याला विषयासाठी दूर जावे लागत नाही. मारलवाईचेच कनक राजू यांना गुसाडी नृत्याच्या जतनासाठी २०२१ सालचा पद्मश्री सन्मान मिळाला. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला तर सारे रानच मोकळे आहे. मात्र हा लाभ आपोआप पदरात पडत नाही. मुलांना वर्गाबाहेर नेणारा शिक्षक तेथे असावा लागतो.

येथवर लाभ झाले. हानीही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. सर्वांत मोठी उणीव शिक्षकांची. मोठ्या महाविद्यालयात एक प्राध्यापक निवृत्त झाला तर दुसरे चार असतात. लहान महाविद्यालयात एक जागा रिकामी राहिली म्हणजे तो विषयच रिकामा राहतो. तासिका तत्त्वावर नेमलेला शिक्षक मनापासून शिकवीत असला, तरी पुढच्या वर्षी आपण येथे असू की नाही हे त्यालाच ठाऊक नसते. आणि एकुलता एक शिक्षक सुमार निघाला, तर विद्यार्थ्याला दुसरा वाली नसतो.

दुसरी उणीव विषयांची. कला शाखेचे ठरावीक विषय, थोडे वाणिज्य, कोठे विज्ञान, एवढ्यावर यादी संपते. ज्या मुलीला संख्याशास्त्र शिकायचे आहे तिने इतिहास घ्यावा, असा सल्ला देणे म्हणजे तिच्या पायाच्या मापाची चप्पल नाही म्हणून पाय बदलायला सांगणे होय. प्रयोगशाळा अपुरी असेल तर विज्ञानाची पदवी पुस्तकी राहते, आणि ही उणीव पुढे प्रवेशपरीक्षेत किंवा नोकरीत उघडी पडते.

तिसरी उणीव स्पर्धेची. वीस मुलांत पहिला येणारा विद्यार्थी स्वतःला पहिला समजू लागतो. दोन हजारांत आपण कोठे बसतो याची त्याला कल्पना नसते. पुढे शहरात गेल्यावर त्याला पहिला धक्का बसतो तो ज्ञानाचा नव्हे, आत्मविश्वासाचा. शिवाय लहान गावात सर्वांना सर्व ठाऊक असल्यामुळे, ज्या ओळखीचा आधार वाटतो तीच ओळख कधी पाळतही ठेवते. मुलींना याचा जाच अधिक होतो.

चौथा धोका संस्थेच्या आयुष्याचा. अमेरिकेत उत्तर कॅरोलिना राज्याच्या डोंगरात १९३३ साली ब्लॅक माउंटन नावाचे एक लहानसे महाविद्यालय निघाले. विद्यार्थी आणि अध्यापक तेथे एकत्र राहत, शेतात राबत. थोर चित्रकार, संगीतकार आणि कवी तेथे शिकवून गेले. कलेच्या इतिहासात त्या संस्थेचे नाव अजूनही आदराने घेतले जाते. पण पैशाअभावी ती १९५७ साली बंद पडली. जेथे कीर्ती होती तेथे ही गत झाली, तर जेथे कीर्तीही नाही तेथे काय होईल? आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च शिक्षणसंस्था मोठ्या, अनेक विद्याशाखांच्या आणि शक्यतो हजारोंच्या विद्यार्थिसंख्येच्या असाव्यात, अशी दिशा दाखविली आहे. त्याच धोरणाने प्रत्येक जिल्ह्यात किंवा जिल्ह्याजवळ अशी एक तरी संस्था असावी असेही म्हटले आहे. मोठ्या संस्थेचे फायदे कोणी नाकारणार नाही. परंतु घाटातल्या गावातून जिल्ह्याच्या ठिकाणी रोज जाऊन येणे किती मुलींना शक्य आहे, हा प्रश्न त्या दिशेने जाण्यापूर्वी विचारला गेला पाहिजे.

मग पालकांनी ठरवावे कसे? संस्था लहान आहे की मोठी, एवढ्यावरून निर्णय करू नये. कामाच्या एखाद्या सामान्य दिवशी, आगाऊ न कळविता, महाविद्यालयात जाऊन यावे. अकरा वाजता वर्ग भरलेले आहेत की प्राध्यापकांची वाट पाहत मुले ओसरीवर उभी आहेत, हे डोळ्यांनी पाहावे. कायम नेमणुकीचे शिक्षक किती आणि आपल्या मुलाच्या विषयाला त्यांपैकी कोण, हे विचारावे. ग्रंथालयात जाऊन पुस्तके कपाटात बंद आहेत की मुलांच्या हातांत, ते पाहावे. तीन वर्षांपूर्वी येथून पदवी घेतलेली मुले आज काय करीत आहेत, याची गावात चौकशी करावी. कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा हे उत्तर अधिक खरे असते. सीमेवरच्या पालकांनी आणखी एक दक्षता घ्यावी. शिक्षण कोणत्या राज्यात झाले यावर प्रवेशातील आणि सरकारी नोकरीतील स्थानिक उमेदवाराचे हक्क अवलंबून असतात. म्हणून राज्याची सीमा ओलांडण्यापूर्वी दोन्हीकडचे नियम समजून घ्यावेत.

ही चौकशी समाधानकारक ठरली, तर पदवीपर्यंतची वर्षे डोंगरातील लहान महाविद्यालयात काढण्यात मुलाचे काही बिघडत नाही. पुढील शिक्षणासाठी तो अधिक भक्कम पायांनी शहरात जाईल. विषयच उपलब्ध नसेल, किंवा शिक्षकच नसतील, तर मात्र केवळ जवळ आहे म्हणून त्या संस्थेत मुलाची तीन वर्षे खर्ची घालू नयेत. तेथे काटकसर महागात पडते.

उरतो प्रश्न समाजाचा आणि सरकारचा. वर सांगितलेल्या उणिवांपैकी एकही डोंगरामुळे आलेली नाही. डोंगर शिक्षकाची जागा रिकामी ठेवीत नाही, की प्रयोगशाळेचे अनुदान अडवीत नाही. मारलवाईला ज्या काळात रस्ता धड नव्हता त्या काळात शिक्षक घडविता आले. कारण कोणी तरी तेथे जाऊन राहिले आणि तेथल्या माणसांची भाषा शिकले. आज रस्ते झाले आहेत. त्या रस्त्यांनी मुले खाली उतरतात, तसे चांगले शिक्षक वर चढू लागले आणि वर टिकून राहिले, तर बोथच्या पालकांना लाभ-हानीचा हा हिशेब इतक्या काळजीने मांडावा लागणार नाही.