पाकशाळेतील उमेदवारी

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात, विद्यार्थी गुणगौरव प्रसंगी दिलेले व्याख्यान)



वैद्यक, अभियांत्रिकी आणि वकिली या विद्यांविषयी या व्यासपीठावरून आजवर पुष्कळ बोलले गेले आहे. मी आज पाकविद्येविषयी बोलणार आहे. आपल्या ज्ञातीतील काही मुलेमुली हल्ली मोठ्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत उमेदवारी करीत आहेत. पण त्यांचे आईबाप ही गोष्ट चारचौघांत सांगावयास संकोचतात. घरच्या अन्नपूर्णेस आपण हात जोडतो, मात्र मुलाने आचाऱ्याची टोपी घातली की मान खाली घालतो. हा न्याय मला समजत नाही.

ही विद्या आपल्याकडे नवी नाही. श्रीमती लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने १९५४ साली मुंबईस या विषयाची संस्था निघाली. अशा संस्थांच्या अभ्यासक्रमात काही महिने प्रत्यक्ष हॉटेलात काम करावे लागते. या काळात विद्यार्थी घडतो किंवा बिघडतो, आणि ते बव्हंशी तेथील मुख्य आचाऱ्यावर, म्हणजे शेफवर, अवलंबून असते.

माझ्या थोरल्या भगिनीचा नातू गतवर्षी पुण्यातील एका हॉटेलात असा उमेदवार होता. पहिला पंधरवडा कांदे सोलण्यात आणि गाजराचे तीन-तीन मिलिमीटरांचे चौकोनी तुकडे करण्यात गेला. "याचसाठी का एवढी फी भरली?" असे त्याचे वडील म्हणू लागले. परंतु त्याचे शेफ प्रत्येक कामाचे कारण सांगत. तुकडे लहानमोठे असले तर काही कच्चे राहतात, काही गळून जातात. हाडांचे सूप खळखळ उकळले तर चरबी व गाळ त्यात मिसळून ते गढूळ होते. शिजलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान फार वेळ राहिले तर त्यात जंतू झपाट्याने वाढतात. एके दिवशी त्याच्या हातून बलक व लोणी यांचा सॉस फुटला. शेफ रागावले नाहीत. त्यांनी दुसऱ्या भांड्यात नवा बलक घेतला, फुटलेला सॉस त्यात थेंबाथेंबाने घोटून पूर्ववत केला आणि म्हणाले, "आता तू करून दाखव." अध्यापनात आयुष्य घालविलेल्या मला याहून उत्तम पाठ सांगता येणार नाही.

फ्रान्समधील थोर पाककोविद ऑगस्त एस्कॉफिए यांचा जन्म १८४६ चा. वयाच्या तेराव्या वर्षी ते नीस येथे चुलत्यांच्या खाणावळीत उमेदवार म्हणून लागले. शिस्त कडक आणि भट्टीची धग जवळ! पुढे ते स्वतः लंडनच्या प्रसिद्ध हॉटेलांच्या पाकशाळांचे प्रमुख झाले, तेव्हा त्यांनी कामांची विभागणी करून प्रत्येक शाखेवर एक जबाबदार माणूस नेमला. आरडाओरड व मद्यपान यांस मनाई केली. सोसलेला जाच पुढच्या पिढीस न देणे, यातच खरे मोठेपण आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपल्याच ज्ञातीतील एक मुलगी अन्य ठिकाणी उमेदवार होती. तेथे तिला बारा-बारा तास उभे राहून केवळ भाज्या निवडावयास लावीत. शिकविणारे कोणी नव्हते. ती मध्येच घरी परतली. आता तिचे वडील म्हणतात, "हा नाद सोड." बंधूंनो, दोष विद्येचा नाही, तेथे गुरू मिळाला नाही याचा आहे. गणिताचा मास्तर वाईट निघाला म्हणून आपण गणित सोडून देतो काय?

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. पालकांनी उमेदवारीपूर्वी कामाचे तास किती, कोणकोणत्या शाखांत फिरविणार आणि शिकविणार कोण, हे विचारून घ्यावे. संस्थेच्या शिक्षणनिधीतून पुस्तकांप्रमाणेच सुऱ्यांचा संच व स्वयंपाकघरात न घसरणारे बूट यांसही साहाय्य मिळावे. आणि हॉटेल व्यवसायात असलेल्या आपल्या सभासदांनी या मुलीस चांगल्या शेफच्या हाताखाली जागा मिळवून द्यावी. तिचे वर्ष अद्याप वाया गेलेले नाही. परंतु पुढील सत्रापूर्वी हे झाले पाहिजे. तिचे वडील आज या सभेत उपस्थित आहेत. सभा संपल्यावर आपणांपैकी कोणीतरी त्यांना आवर्जून भेटावे, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.