रिंगणातला अश्व आणि लसीचा घोडा



आज महाळुंगे पडवळच्या सप्ताहात उभा आहे, तर आधी माझी एक चूक कबूल करतो, मग निरूपण. काही वर्षांमागं याच पंचक्रोशीत कीर्तनाला जीवदयेचा विषय घेतला होता. बोलण्याच्या भरात म्हणून गेलो, मुक्या जनावराला सुया टोचून जे औषध काढतात ते औषध पापाचं. टाळकऱ्यांनी ठेका धरला, लोकांनी माना डोलावल्या. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

कीर्तन आटोपलं आणि एक माऊली लेकराला घेऊन पाया पडायला आली. म्हणाली, "महाराज, याला मण्यार चावली होती. रात्री, खाली अंथरुणात. सकाळी पोट दुखतंय म्हणाला आणि पापण्या उचलेनात. दवाखान्यात बाटल्या चढवल्या तेव्हा वाचला. डॉक्टर म्हणाले, ही लस घोड्याच्या रक्तातनं करतात. मग मी पोराला पाप टोचलं का?"

साठी ओलांडलेला माणूस मी, बालपणापासून ग्रंथ वाचतोय. उत्तर देता आलं नाही. पोराच्या कपाळाला बुक्का लावला आणि निघालो. ते उत्तर मी आजवर शोधतोय. जे सापडलं तेवढंच तुम्हांला सांगतो.

ही लस होते कशी ते आधी ऐका. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, या चार सापांचं विष काढतात. आपल्या देशात हे विष बरंचसं तमिळनाडूतल्या इरुळा लोकांच्या सहकारी संस्थेकडून येतं, १९७८ सालापासून. ते विष अगदी थोडं थोडं, वाढवत वाढवत, घोड्याला टोचतात. घोडा मरत नाही, पण त्याचं अंग विषाशी झगडायला लागतं आणि रक्तात उतारा तयार होतो. मग मानेच्या शिरेतून रक्त काढायचं, त्यातला पातळ भाग शुद्ध करायचा, बाटलीत भरायचा. एक बाटली दहा मिलिलिटरची. विष भिनलेल्या माणसाला सुरुवातीलाच आठ-दहा बाटल्या लागतात. शिवाय तयार लसीला जोर किती, हे उंदरांवर पाहतात. ते उंदीर वाचतीलच असं नाही.

मुंबईत परळचं हाफकिन, पिंपरीला त्यांचे घोडे. पुण्यात सायरस पूनावालांच्या घराण्याचा शर्यतीच्या घोड्यांचा व्यवसाय होता. थकलेले घोडे ते हाफकिनला लसीसाठी देत, आणि त्यातूनच १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. म्हणजे हा घोडा काही सातासमुद्रापलीकडचा नाही माऊली, आपल्याच जिल्ह्यातला आहे.

आणि गरज कुणाला? तुम्हांलाच. डिंभ्याचं पाणी आलं, ऊस आला, उंदीर आले, उंदरांमागं साप आले. वीज रात्रीची, म्हणून दारं धरायला रात्री बांधावर जायचं. देशात वर्षाला अंदाजे ५८ हजार माणसं सापानं मरतात असा अभ्यास आहे, आणि त्यात बहुतेक खेड्यातली. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांनी या कामात आयुष्य घातलं. त्यांच्या हातातलं मुख्य शस्त्र हीच घोड्याची लस. ती पाप म्हणून फेकून द्या, असं म्हणायला मी कोण? माझ्या नातवाला चावला तर मी काय करीन? धावत जाईन आणि बाटल्या मागेन.

पण इथं थांबलो तर गोष्ट फार सोपी होते.

आळ्याला तुम्ही सगळे जाता. जुन्नर तालुक्यातलं आपलं आळे, ज्ञानोबांच्या रेड्याची समाधी तिथं. वेद बोलला एवढंच आपण सांगतो. त्याच्या आधीचं पुष्कळदा गाळतो. पैठणला रेड्याच्या पाठीवर आसूड ओढले आणि वळ उठले माऊलींच्या पाठीवर, अशी कथा आहे. वेद बोलण्याचा चमत्कार पुढचा. आधी वळ. आता स्वतःला विचारा, पिंपरीच्या घोड्याच्या मानेत सुई जाते तेव्हा आपल्या मानेला काय होतं? काहीच नाही. आपल्याला माहीतसुद्धा नसतं. मी रागावलो होतो सुईवर. रागवायला हवं होतं या न कळण्यावर.

दुसरं, तुमच्याच गावचं. बाबू गेनू इथले. १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढं आडवे झाले, वय २२. हाफकिनसाहेबांनी १० जानेवारी १८९७ ला प्लेगची लस आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. या दोघांनी जीव पुढं केला तो आपल्या मर्जीनं. घोड्याला कुणी विचारलं? त्याचा त्याग, बलिदान असले शब्द मी वापरत नाही. त्यानं दिलं नाही, आपण घेतलं. आणि घेतलेल्याला ऋण म्हणतात.

ऋण म्हटलं की हिशेब आला. अशा पागांची तपासणी झाली तेव्हा काही ठिकाणी घोडे अशक्त, रोगट, खुरं वाढलेले सापडले. हे ऋण बुडवणं झालं. १९६० चा प्राण्यांच्या छळाविरुद्धचा कायदा आहे, १९९८ चे प्रयोगांचे नियम आहेत. कायदा आहे म्हणून घोड्याला चंदी मिळतेच असं नाही, हे गोठा सांभाळणाऱ्यांना मी काय सांगू. नाथांनी काशीची कावड तहानलेल्या गाढवाच्या मुखी घातली, तेव्हा कुठला नियम होता?

आणि प्रत्येक सुईला लसीची सबब चालत नाही. तोंडाला लावायची पावडर, ओठांचा रंग, केसांचा शाम्पू, याच्यासाठी सशाच्या डोळ्यात औषध घालून बघत होते! २०१४ साली आपल्या देशानं ते बंद केलं, फार चांगलं केलं. जीव वाचवणं आणि तोंड रंगवणं एका तागडीत घालू नका.

मधलं काय, ते अवघड. कोरोनात पुण्याच्या विषाणू संस्थेनं आपल्या देशी लसीची परीक्षा वीस माकडांवर घेतली. माकडं नागपूरकडच्या रानातून धरून आणलेली. ती लस तुमच्यापैकी किती जणांनी घेतली, हात वर करू नका, मीही घेणाऱ्यांतला. शनिवारी मारुतीला तेल घालताना मला ती माकडं आठवतात. वाईट झालं म्हणू की बरं झालं म्हणू, दोन्ही एकदम म्हणावं लागतं.

शास्त्रज्ञही स्वस्थ नाहीत, हे सांगायला हवं. बंगळूरच्या विज्ञान संस्थेतल्या मंडळींनी परदेशातल्या सोबत्यांबरोबर घोड्याविना, प्रयोगशाळेतच उतारा तयार केल्याचं २०२४ मध्ये जाहीर केलं. नाग-मण्यारीच्या विषातल्या एका जातीच्या घटकावर तो चालतो. त्याचीही परीक्षा उंदरावरच झाली बरं का. पण घोडा सुटायची वाट दिसली. औषधाची परीक्षा जनावराशिवायही घेता यावी, असा बदल सरकारनं २०२३ मध्ये नियमांत केला.

तोवर तुम्ही-आम्ही काय करायचं? हसाल, पण सांगतो. रात्री पाणी द्यायला जाताना बॅटरी न्या, गमबूट घाला. खाली झोपू नका, झोपावंच लागलं तर मच्छरदाणी गादीखाली खोचा. चावलाच तर भगताकडं नाही, मंतरलेला दोरा नाही, थेट दवाखाना. एक दंश टळला की दहा बाटल्या वाचल्या, तेवढं रक्त घोड्याच्या अंगात राहिलं. याला मी जीवदया म्हणतो. पूर्वी मी म्हणत होतो ती फुकटची होती.

मागच्या वारीत वाखरीच्या रिंगणाला ती माऊली पुन्हा भेटली. पोरगं आता उंच झालंय. माऊलींचा अश्व दौडून गेला, लोक टापांखालची माती उचलायला धावले, आम्हीही वाकलो. पोरानं माती कपाळाला लावली आणि मला विचारलं, "महाराज, ह्याच घोड्याचं रक्त का माझ्या अंगात?"

म्हटलं, नाही रे बाबा. तो पागेत उभा असेल, पिंपरीला नाहीतर आणखी कुठं. त्याला रिंगण नाही.

त्यानं खाली वाकून आणखी एक चिमूट माती घेतली, रुमालात बांधली आणि खिशात ठेवली.